बॅटरीचा खोका आधी, ड्रोन नंतर : नाशिकच्या प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये, तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांचे प्राचार्य आणि विद्युत, यंत्र व अणुविद्युत विभागप्रमुख

विषय : संरक्षण क्षेत्रातील ऊर्जा-तंत्रज्ञानाचे नेतृत्व करणारे अभियंते नाशिकमधून घडावेत यासाठी अंतिम वर्षाच्या प्रकल्पांत बदल करण्याबाबत

स.न.वि.वि.

अंतिम वर्षाच्या प्रकल्पांची यादी आपल्यापैकी कुणीही समोर घेऊन बसावं. ‘संरक्षण’ हा शब्द जिथं आला असेल तिथं शेजारी बहुतेक वेळा ड्रोन असेल, नाहीतर सुरुंग शोधणारी चाकांची गाडी. मुलांना ते आवडतं, परीक्षकांना बरं वाटतं, फोटोही चांगला येतो. आमचं ड्रोनशी वैर नाही. पण त्या ड्रोनची बॅटरी उणे वीस अंशांत चार्ज कशी करायची, हे तोंडी परीक्षेत कुणी विचारत नाही, आणि सैन्याचं अडतं ते नेमकं तिथं.

हे पत्र लिहिणारे आम्ही स्विचगिअर, बॅटरी, जनरेटर आणि लष्करी चाचण्या या कामांतले आहोत. सांगायचं ते एवढंच : संरक्षणातल्या ऊर्जा-तंत्रज्ञानाची धुरा पुढं ज्याच्याकडं जाईल, तो किंवा ती आज कुठंतरी केबलच्या टोकाला लग दाबून बसवायला (क्रिम्प करायला), चाचणीचा अहवाल वाचायला आणि डिझेलचा हिशेब मांडायला शिकत असली पाहिजे. हे शिकवायला नाशिकइतकी सोयीची शहरं थोडी आहेत. तरी आपण ते शिकवत नाही.

सोयीची कशी, ते आपल्याला ठाऊकच आहे. ओझरला १९६४ साली मिग-२१साठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आला. पुढं सुखोई-३० एमकेआय तिथंच तयार झाली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ला नाशिकच्या जुळणी-साखळीतलं पहिलं तेजस मार्क-१ए तिथूनच उडालं. देवळालीला तोफखाना विद्यालय, नाशिकरोडला तोफखाना केंद्र, गांधीनगरला लष्कराच्या वैमानिकांचं प्रशिक्षण, रॉकेटच्या घन इंधनावर काम करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा आणि शिलापूरला केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची चाचणी प्रयोगशाळा. सातपूर-अंबडमध्ये ब्रेकर, काँटॅक्टर, ट्रान्सफॉर्मर आणि डिझेल इंजेक्टर बनवणारे हात दोन-तीन पिढ्यांचे. ही सगळी मंडळी पंचवीस-तीस किलोमीटरच्या परिघात आहेत. त्यांची गाठ घालून देणारा अभ्यासक्रम तेवढा नाही.

आता मुद्द्याचा हिशेब. हा एक हिशेब फळ्यावर मांडला तरी निम्मा विषय कळतो.

समजा ४,००० मीटर उंचीवर एक चौकी आहे. दिवे, रेडिओ, कॅमेरे, संगणक, थोडी उष्णता मिळून सरासरी भार ३ किलोवॅट. तिथं २५ केव्हीएचा जनरेटर बसवलेला असतो, म्हणजे सपाटीवर २० किलोवॅटचा. एवढा मोठा का, तर कधीतरी एखादा पंप किंवा वेल्डिंग सेट एकदम चालू होतो म्हणून. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद पहिल्या हजारेक मीटरनंतर दर ३०० मीटरला साधारण ३ ते ४ टक्क्यांनी उतरते. वर हवा विरळ, इंजिनाला श्वास अपुरा. म्हणजे २० किलोवॅटचे उरले १३. त्यावर भार फक्त ३ किलोवॅटचा, तोही चोवीस तास.

इतक्या हलक्या भारावर डिझेल इंजिन पुरेसं तापतच नाही. इंधन अर्धवट जळतं, एक्झॉस्टच्या नळीत काळा ओलसर चिकटा साचतो, इंजेक्टरच्या टोकावर कार्बन बसतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. त्यातही जनरेटर तासाला सुमारे २ लिटर पितोच. दिवसाला ४८ लिटर.

याला उपाय साधा आहे. जनरेटर चोवीस तास न चालवता दिवसातून दोन वेळा चार-चार तास, ७५ टक्के भारावर चालवायचा. मधल्या वेळात बॅटरी. ७५ टक्के म्हणजे ९.७५ किलोवॅट. त्यातले ३ चौकीला, ६.७५ बॅटरीत. चार तासांत २७ युनिट आत गेले, दहा टक्के वाटेत गळाले तरी २४ हाती राहिले. पुढचे आठ तास ३ किलोवॅटने बरोबर २४ युनिट लागतात. बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी करायची नाही म्हणून ३० युनिटची घ्यायची. चांगल्या भारावर जनरेटर एका युनिटला सुमारे ०.३३ लिटर डिझेल घेतो. ७८ युनिटला २६ लिटर. म्हणजे रोजचे २२ लिटर वाचले. वीस लिटरचा एक जेरिकॅन, जो कुणाच्या तरी पाठीवरून किंवा खेचरावरून वर जायचा, तो रोज खालीच राहिला. रामशेज किल्ला मोगलांना इतकी वर्षं दाद देत नव्हता तो नुसत्या तटबंदीवर नव्हे. गड लढतो टाक्यातल्या पाण्यावर आणि कोठारातल्या दाण्यावर. आजच्या चौकीच्या कोठारात डिझेलही आलं, एवढाच फरक.

हे गणित दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही जमतं. खरं काम इथून पुढं आहे, आणि तिथंच नवशिक्या कंपन्या आपटतात.

पहिली अडचण वजनाची. ३० युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी खोक्यासकट ३०० किलोच्या घरात जाते. ती एकसंध केली तर हेलिकॉप्टरशिवाय हलणार नाही. म्हणून ३.२ व्होल्टचे १६ सेल ओळीत, ५१.२ व्होल्ट, ४० अँपिअर-तास, म्हणजे साधारण २ युनिटचा एक नग ठेवायचा. वजन २० किलोच्या आसपास, एका माणसाला दोन मुठींनी उचलता येईल असं. असे १५ नग. मूठ हातमोज्यासकट आत जाईल एवढी मोठी हवी. ड्रॉइंगवर ती नेहमी लहान पडते, कारण ड्रॉइंग काढणारा नाशिकच्या उन्हात बसलेला असतो.

दुसरी अडचण थंडीची. शून्याखाली लिथियम सेल डिस्चार्ज होतो, पण कुरकुरत; उणे वीसला क्षमता जेमतेम निम्मी-साठ टक्के मिळते. ते एक वेळ चालेल. चार्ज करणं मात्र चालणार नाही. थंडीत लिथियमचे आयन ग्राफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातू होऊन बसतात. क्षमता कायमची जाते आणि पुढं कधीतरी आतल्या आत शॉर्ट होण्याची बीजं पेरली जातात. सेल बाहेरून छान दिसतो. म्हणून आधी ऊब, मग चार्ज, हा क्रम कधीही उलटा होता कामा नये.

ऊब द्यायला फार वीज लागते असा समज आहे. एक मीटर लांब, ८० सेंटिमीटर रुंद, तेवढाच उंच खोका घ्या. पन्नास मिलिमीटरचं पफ पॅनल लावा. पिंपळगाव-दिंडोरीच्या द्राक्षांच्या शीतगृहांना जे लागतं, तेच. खोक्याचं क्षेत्रफळ साडेचार चौरस मीटर. आत-बाहेर ४० अंशांचा फरक असला तरी उष्णता गळते सुमारे ९० वॅट. केबलची भोकं आणि झाकणाची फट धरून दीडपट करा. म्हणजे एका बल्बाएवढी. शिवाय ३०० किलोचं पोट गरम झालं की ते तासाला एक-दीड अंशानंच उतरतं. जनरेटरच्या रेडिएटरमधलं गरम पाणी एका नळीने खोक्याच्या तळाशी फिरवलं तर वीजही लागत नाही, कारण डिझेलच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा त्या पाण्यातूनच वाया जात असतो.

मग बिघडतं कुठं? तीन जागा सांगतो. तिन्ही मुलांकडून मुद्दाम करवून घ्याव्यात.

एक, तापमानाचा सेन्सर. स्वस्त बीएमएसमध्ये (म्हणजे सेलवर नजर ठेवून चार्जिंग चालू-बंद करणाऱ्या सर्किटमध्ये) पॅकच्या मधोमध एकच सेन्सर चिकटवलेला असतो. मधला सेल १२ अंश दाखवतो तेव्हा कोपऱ्यातला उणे ४ला असतो, आणि चार्जिंग चालू होतं. सेन्सर कोपऱ्यांत हवेत आणि निर्णय सरासरीवर नव्हे, सर्वांत थंड सेलवर व्हायला हवा.

दोन, कोंडी. बॅटरी उतरली की बीएमएस स्वतःला तोडून घेतं. हीटर त्याच बॅटरीवर असेल तर तोही बंद. आता जनरेटर चालू केला तरी सेल थंड म्हणून बीएमएस चार्ज घेत नाही, आणि चार्ज नाही म्हणून हीटर चालत नाही. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. हीटरची वायर चार्जरच्या बाजूने घेतली की कोंडी फुटते. शंभर रुपयांची तार. आराखड्यात नसली तर वरची अख्खी चौकी अंधारात.

तीन, पाण्याच्या नळीचे सांधे. नायट्राइल रबराची ओ-रिंग (सांध्यातली गोल सील) थंडीत कडक होते, दाब धरत नाही, आणि थेंब-थेंब गळलेलं कूलंट बॅटरीच्या तळाशी साचतं. साध्या पीव्हीसी केबलचं आवरणही असंच. वाकवलं की तडकतं. सिलिकॉनचं आवरण आणि त्याच मटेरियलची सीलं घ्यावीत, महाग पडली तरी.

नाशिकच्या स्विचगिअरवाल्यांसाठी एक खास गोष्ट. बॅटरीच्या ५१.२ व्होल्टला घरगुती एसी एमसीबी लावलेली आम्हाला प्रकल्पांत सर्रास दिसते. एसीचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, तिथं ठिणगी आपोआप विझते. डीसीला शून्यच नाही. संपर्क उघडले तरी ठिणगी ताणत राहते आणि एमसीबीचं पोट जळतं. वर उंची. नेहमीच्या ब्रेकरचं रेटिंग २,००० मीटरपर्यंतचं असतं. त्यापुढं विरळ हवा ठिणगीला कमी रोखते आणि तांब्याला कमी थंड करते. उघड्या हवेतलं अंतर ४,००० मीटरला १.२९ पट आणि ५,००० मीटरला १.४८ पट ठेवावं लागतं, असं आंतरराष्ट्रीय मानकातलं कोष्टक सांगतं. सातपूरच्या कुठल्याही जुन्या फोरमनला हे तोंडपाठ असेल. आपल्या पदवीधराला मात्र ते कोष्टक मुलाखतीत पहिल्यांदा भेटतं.

ओझरच्या बाजूला गेलं तर वीजच वेगळी. विमानात ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ एसी आणि २८ व्होल्ट डीसी. ४०० हर्ट्झमुळं ट्रान्सफॉर्मर आणि मोटरी लहान-हलक्या होतात. पण त्याच वारंवारतेमुळं केबलचा रिअॅक्टन्स (एसी प्रवाहाला होणारा तिचा अडथळा) ५० हर्ट्झच्या आठपट होतो. हँगरमध्ये सोयीसाठी कुणी केबल दुप्पट लांब केली की विमानाच्या टोकाला व्होल्टेज पडतं आणि संगणक रुसतात. चिलखती गाडीचे २८ व्होल्ट आणखी वेगळे. बॅटरी अचानक सुटली तर अल्टरनेटर उसळतो; अमेरिकी लष्करी मानक १२७५ उपकरणाला १०० व्होल्टपर्यंतचा उसळा ५० मिलिसेकंद सोसायला सांगतं. बाजारातला २४ व्होल्टचा इन्व्हर्टर तिथं पहिल्या झटक्यात धूर सोडतो.

रेडिओला होणारा त्रास हा स्वतंत्र रोग आहे. इन्व्हर्टरच्या आतले स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात, त्याची खरखर केबलवरून आणि हवेतून रेडिओत शिरते. अमेरिकी लष्करी मानक ४६१ची चाचणी त्यासाठी. नापास होण्याची कारणं बहुतेकदा क्षुल्लक असतात : फिल्टर खोक्याच्या दारात बसवण्याऐवजी आत हातभर दूर बसवला, झाकणाच्या कडेवरचा रंग खरवडला नाही, म्हणून धातूला धातू लागलाच नाही, अर्थची वेणी लांबलचक ठेवली. प्रयोगशाळेत दिवसाच्या भाड्यावर उभं राहून रंग खरवडणं महाग पडतं. साधा स्पेक्ट्रम अॅनालायझर आणि तारेवरची खरखर मोजताना लागणारं लाइन इम्पिडन्सचं एक जाळं कॉलेजात असेल तर यातल्या बऱ्याच चुका तिथंच पकडता येतात. आणि हो, बाजारातल्या बीएमएसवर मोबाइलशी बोलणारं ब्लूटूथ जडवलेलं असतं. चौकीवरून सतत ‘मी इथं आहे’ असं ओरडणारी बॅटरी सैन्य घेणार नाही. तो भाग नुसता बंद करून भागत नाही, बोर्डावरून काढावा लागतो, आणि बोर्ड व सेल कुठल्या देशातून आले हेही कागदावर दाखवावं लागतं.

‘पण आमच्याकडं चाचणीची सोय कुठं?’ असं आपण विचाराल. प्रमाणपत्राची सोय नाही, खरंच. सरावाची आहे. द्राक्षाचा हंगाम संपला की जिल्ह्यातली किती शीतगृहं अर्धी रिकामी असतात! वाटाणा आणि फळांचा गर गोठवणाऱ्यांच्या खोल्या उणे १८-२०ला चालतात. मालकाशी बोलून एक कोपरा चार दिवस मिळवता येतो. पॅक तिथं चोवीस तास ठेवायचा, सगळे सेल थंड झाल्याची खात्री करायची, मग डिस्चार्जचा आलेख काढायचा. बाहेर काढल्यावर सर्किटवर दव धरतं, ते मुद्दाम बघायचं. थंडीतून उबेत आणताना जळालेले बोर्ड बहुतेक त्या दवानंच जळतात. खाण्याच्या मालाजवळ बॅटरी नको, आणि तिथं चार्ज तर मुळीच करायची नाही. वाळूची बादली, धुराचा सेन्सर आणि शेजारी जागा माणूस, हे तीन नसतील तर प्रयोग करूच नये.

उंचीसाठी कळसूबाई पुरणार नाही. माथा १,६४६ मीटर, आणि लडाखमधल्या चुशूलची जागा त्याच्याही वर पावणेतीन हजार मीटर. पण निर्वात पंप आणि जाड पोलादी टाकी घेतली, दाब १,०१३ मिलिबारवरून ५८५वर आणला की ४,४०० मीटरची हवा तयार. पातळ पत्र्याचं पिंप किंवा अॅक्रिलिकचा डबा वापरू नका. बाहेरचा दाब तो चेपून टाकतो आणि तुकडे डोळ्यांत जातात. टाकी प्रेशर व्हेसलच्या वेल्डरकडून करून घ्या. असे वेल्डर अंबडला आहेत. हादऱ्यांच्या चाचणीसाठी औद्योगिक वसाहतीतले काही रस्ते पावसाळ्यानंतर विनामूल्य उपलब्ध असतात, हे आम्ही अर्ध्याच गंमतीने म्हणतोय.

खरी प्रमाणपत्रं घेताना जेएसएस ५५५५५ हे लष्करी मानक हाती असावं : थंडी, उष्णता, दमट हवा, हादरे, धक्के, धूळ, मिठाचं धुकं, बुरशी, कमी दाब. त्यातल्या चाचण्यांचा क्रमही महत्त्वाचा. हादऱ्यांनी सील सैल होतं आणि ते पुढच्या पाण्याच्या चाचणीत उघडं पडतं. क्रम बदलला तर दोष लपतो आणि वर जाऊन सापडतो. बॅटरीला यूएन ३८.३ हे वाहतुकीचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर नागरी मालवाहू विमान पॅक उचलत नाही. ही चाचणी शेवटी आठवते आणि पुरवठा तिथंच अडतो.

ही खोक्याची कहाणी लहान वाटत असेल तर मोठ्या कामांकडं बघा. तीही याच दुखण्यांची आहेत. उत्तर सिक्कीममध्ये १६,००० फुटांवर सैन्याने आयआयटी मुंबईच्या साथीनं ५६ केव्हीएचा सौर प्रकल्प उभारला, त्यात व्हॅनेडियमची बॅटरी आहे. ती पेटत नाही, वर्षानुवर्षं चालते; पण जड, आणि तिचा द्राव थंडीत साका धरतो, म्हणजे पुन्हा उबेचाच प्रश्न. चुशूलला एनटीपीसी सैन्यासाठी सौर-हायड्रोजन मायक्रोग्रिड करतेय : २०० किलोवॅट, ४,४०० मीटर, उणे ३० अंश. दिवसा उन्हातली जास्तीची वीज पाण्यातून हायड्रोजन काढायला वापरायची, नंतर इंधनघटातून (फ्युएल सेलमधून) परत वीज करायची. १०० युनिट घातले तर परत ३०-४० मिळतात. हिशेबी माणूस कपाळाला हात लावेल. पण बॅटरी चार-सहा तासांची सोय करते, हायड्रोजन अनेक दिवसांची. आणि जे साठ-सत्तर युनिट गेले ते उष्णता होऊन गेले, जी उणे ३०ला कुणाला नकोय? इंधनघटातून पाणी निघतं. यंत्र बंद करताना ते फुंकून काढलं नाही तर नळीत बर्फ होऊन सकाळी घट सुरूच होत नाही. असल्या एका फुंकणीच्या झडपेवर कोट्यवधींचा प्रकल्प टेकलेला असतो.

पाणबुडीचंही तेच. अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेनं फॉस्फोरिक आम्लाच्या इंधनघटावर हवेविना चालणारी ऊर्जाप्रणाली केली. जमिनीवरच्या नमुन्याची अखेरची चाचणी ८ मार्च २०२१ला पार पडली. हायड्रोजन टाक्यांत भरून न नेता तो लागेल तसा आत बनवायचा, ही तिची खुबी. कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांत ती बसवण्यासाठी जहाज चिरून नवा तुकडा जोडावा लागतो. अंबरनाथ कसाऱ्याच्या खाली आहे, नाशिकहून रेल्वेनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. आपल्या किती विभागांनी तिथं सहल काढण्याची परवानगी मागितली?

आता करिअरचं. मुलं विचारतात, ‘या क्षेत्रात वर कसं जायचं?’ परीक्षांचे दरवाजे ठरलेले आहेत : गेटच्या गुणांवर डीआरडीओत शास्त्रज्ञ ‘बी’, यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून सैन्याची बांधकाम-वीज सेवा, सैन्यात तांत्रिक अल्पसेवा, पदविकेवर डीआरडीओचे तांत्रिक सहायक, आयटीआयवर तंत्रज्ञ, ओझरला शिकाऊ उमेदवारी. २०२१पासून संरक्षण तंत्रज्ञानात एमटेकही आहे, सहा शाखांचं. त्यातल्या दोन थेट ऊर्जेच्या, दिशादर्शित ऊर्जा आणि उच्च-ऊर्जा पदार्थ. हे फलकावर लावून टाका, त्यावर व्याख्यान नको.

दरवाजातून आत गेल्यावरचं मात्र शिकवायला हवं. आमच्या मते पहिली तीन वर्षं चाचणी आणि बिघाड-तपासणीत जायला हवीत, आरेखनात नव्हे. ज्यानं पन्नास मेलेले पॅक उघडून पाहिले नाहीत त्यानं नवा काढू नये. पुढची पाच-सात वर्षं एखादा भाग आपल्या नावावर घ्यायचा, चार्जर किंवा उष्णतेची व्यवस्था, आणि त्याची किंमत, वजन, सुटे भाग आणि दुरुस्ती या सगळ्याला उत्तर द्यायचं. त्यानंतर खरी नेतृत्वाची जागा येते, आणि ती तंत्रज्ञानाची कमी, भाषेची जास्त असते. सैन्याच्या गुणात्मक गरजांच्या मसुद्यात ‘उणे ४० अंशांत पूर्ण क्षमता’ लिहिलंय की ‘उणे ४०ला साठवण, उणे २०ला वापर’, या एका ओळीनं किंमत दुप्पट होते. ती ओळ लिहिली जात असताना टेबलाशी बसून जवानाला नेमकं काय लागतं आणि कारखान्याला काय जमतं, हे दोन्ही बोलू शकणारा माणूस दुर्मीळ आहे. उपयोगकर्ता, प्रयोगशाळा आणि कारखाना, यांपैकी किमान दोन ठिकाणी ज्यानं घाम गाळला त्यालाच ते जमतं. म्हणून ईएमईतून (सैन्याच्या विद्युत व यंत्र अभियंता दलातून) निवृत्त झालेला हवालदार मेकॅनिक आपल्या प्रयोगशाळेत अतिथी शिक्षक म्हणून यावा असं आम्हाला फार वाटतं. नाशिकरोड-देवळालीत असे लोक राहतात. पदवी नाही म्हणून त्यांना मानधन देता येत नाही, हा नियम असेल तर तो बदलण्याचा प्रस्ताव आपणच करू शकता.

स्वतःची कंपनी काढणाऱ्यांना २०१८पासून संरक्षण मंत्रालयाची आयडेक्स ही योजना आहे. मूळ योजनेत दीड कोटीपर्यंत अनुदान, पण तेवढाच हिस्सा आपला घालावा लागतो आणि पैसे टप्प्याटप्प्यानं येतात. मुलं अनुदानाला उत्पन्न समजून भाड्याचं ऑफिस घेतात, आणि दुसरा टप्पा लांबला की पगार थकतात. त्याहून मोठा घात ऋतूंचा. थंडीतली चाचणी जानेवारीत व्हायला हवी. नमुना मार्चमध्ये तयार झाला तर पुढचा जानेवारी. हिवाळा चुकला की वर्ष गेलं, आणि वर्षभराचा पगार कुठल्याच तक्त्यात धरलेला नसतो. कित्येक चाचण्यांचा खर्चही पुरवठादारानंच सोसायचा असतो, खरेदीची हमी नसताना. हे सगळं उद्योजकता कक्षाच्या पहिल्याच तासाला, पाहुण्यांच्या हारतुऱ्यांच्या आधी सांगावं.

आमची मागणी मोठी नाही. येत्या जूनपासून प्रत्येक विद्युत विभागानं अंतिम वर्षाचा एक प्रकल्प ‘चौकीचा ऊर्जाखोका’ म्हणून घ्यावा : २ युनिटचा एक नग, २२ किलोच्या आत, उणे १८ला चोवीस तास राहून स्वतःच आधी ऊब घेऊन मग चार्ज सुरू करणारा, हातमोजे घालून जोडता येणारा. गटात पदवीचे दोन, तंत्रनिकेतनाचे दोन आणि आयटीआयचा एक विद्यार्थी हवा. क्रिम्पिंग आयटीआयचाच मुलगा नीट करेल आणि बाकीचे त्याच्याकडून शिकतील. गुण चालणाऱ्या नगाला निम्मे आणि बिघाडाच्या वहीला निम्मे. वहीत काय जळलं, का जळलं आणि कोणत्या दिवशी कळलं, एवढंच. जी वही कोरी, तिला शून्य.

साहित्य म्हणून १६ सेल, एक साधं बीएमएस, डीसी ब्रेकर, हीटरची पट्टी, आठ सेन्सर, पफ पॅनलचे तुकडे आणि हायड्रॉलिक क्रिम्पिंगचं हत्यार लागेल. हत्यार उसनं मिळतं. शीतगृहाचा कोपरा आणि निर्वात टाकी सर्व महाविद्यालयांत मिळून एक पुरे. परीक्षक म्हणून आम्ही येऊ, मानधनाविना. येताना आमच्याकडचे मेलेले पॅक घेऊन येऊ. पहिल्या तासाला मुलांना ते उघडू द्या, मात्र आधी प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजून आणि अंगठ्या-घड्याळं काढून ठेवून.

आपले,
नाशिकमधील काही विद्युत व संरक्षण-उत्पादन अभियंते